लसणाचा दोरा

माझ्या बोटांना अजून लसणाचा वास येतो असं मी म्हणते, तेव्हा शेजारची मुलं खिदळतात. खिदळू देत. तीस वर्षं मी एका दुकानाच्या मागच्या खोलीत लसूण सोलला आहे, आणि तो स्वयंपाकासाठी नव्हता.

ते दुकान माझ्या थोरल्या भावाचं, आमच्या दादाचं. जुन्या औषधांचं. मुळ्या, साली, बिया, वाळलेली फुलं, मधाच्या बरण्या आणि लोखंडी पेटीत कुलूपबंद कस्तुरी. पुढच्या खोलीत लांबलचक लाकडी फळी आणि तिच्यामागे भिंतभर खण. एकशे बारा खण, प्रत्येकावर दादाच्या हातची चिठ्ठी. शाई उडाली की तो नवी चिठ्ठी जुनीवरच चिकटवायचा, त्यामुळे काही खणांवर बोटभर जाडीचा कागद झाला होता. मागच्या खोलीत खल, स्टोव्ह, माझं बैठं स्टूल आणि एक खिडकी. तिच्यातून समोरच्या सायकलवाल्याचं अर्धं दुकान दिसायचं. तीस वर्षांत मी त्या माणसाचं तोंड धड पाहिलं नाही, पण त्याचे हात मी बाजारात कुठेही ओळखले असते.

मी तिथे आले ती सव्विसाव्या वर्षी. नवरा गेला आणि मी माहेरी परतले. लोक हळहळायला यायचे, चहा पिऊन जायचे. दादा हळहळला नाही. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "बारके, उद्यापासून दुकानात ये. मिरी कुटत बस. रडलीस तरी कुणी कारण विचारणार नाही."

मी गेले. पहिले दोन महिने खूप मिरी कुटली. दादाने एकदाही मागे डोकावून पाहिलं नाही, आणि त्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे. मी तोंडाळ बाई आहे, त्याच्याशी रोज भांडले, पण हे त्याला कधी बोलून दाखवलं नाही. आता लिहून ठेवते.

मिरीनंतर त्याने मला गोळ्या वळायला शिकवलं. त्याच्या गोळ्या वाटाण्यासारख्या गोल. माझ्या कितीही वळल्या तरी लांबट व्हायच्या. तो एकेक गोळी उजेडात धरून म्हणायचा, "वा! उंदीर आजारी होता का गं?" गिऱ्हाईक समोर असलं तरी म्हणायचा. मी खलातला बत्ता आपटायची. पण लांबट गोळी त्याने कधी मोडायला लावली नाही. "औषध आत आहे ना, मग आकाराचं काय एवढं," असं म्हणून पुडीत घालायचा.

दुकानाचं नाव होतं ते मेंदूच्या गोळीसाठी. कस्तुरी, वेखंड, ब्राह्मी, जायफळ आणि मध. कुणाला अर्धांगाचा झटका आला, कुणी बोलता बोलता घुटमळायला लागलं, कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांना स्वतःचं घर सापडेना, की माणसं आमच्या पायरीवर यायची. दादा आधी विचारायचा, "डॉक्टरला दाखवलंत?" नाही म्हणाले तर परत पाठवायचा. "त्यांच्या गोळ्या थांबवल्यात तर माझी मिळायची नाही," हे वरून. मग सांगायचा, "कस्तुरी म्हणजे मेंदूची राखणदार. चोर घरात शिरल्यावर राखणदार काय कामाचा? तो आधीच दारात बसवायला हवा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की तो 'चोर' म्हणाला की माझा बत्ता आपोआप थांबायचा. ती गोळी मेंदू खरंच राखायची का? मला ठाऊक नाही. बरे झालेले मी पाहिले, न झालेलेही पाहिले. पण आमचे आईवडील, त्यांचे आईवडील, सगळे ते मानत आले, आणि दादा तर ते श्वासासारखं मानायचा.

कस्तुरी वरच्या थंड डोंगरांतून यायची. एक व्यापारी वर्षातून दोन-तीनदा मोठी खेप आणायचा, बाकी फुटकळ माल घेऊन येणारे महिन्याला असायचेच. कस्तुरीची नाभी म्हणजे हरणाच्या पोटाखालची लिंबाएवढी गाठ, वर राठ केस असलेली. मला त्या केसांवरून हात फिरवायची सवय होती. एकदा दादा म्हणाला, "जीव लावू नकोस, तो गेलाय त्याचा." त्यानंतर मी हात फिरवला नाही, पण मनात ते जनावर यायचंच.

या मालात फसवणूक फार. वाळलेलं रक्त भर, माती भर, वजनाला शिशाचा तुकडा घाल, आणि वरून थोडी खरी कस्तुरी चोळ. म्हणून परीक्षा. मी लसणाची पाकळी सोलायची, सुईत पांढरा दोरा ओवायची, सुई पाकळीतून आरपार काढायची. मग तीच सुई दादा नाभीतून आरपार काढायचा आणि दोरा नाकाशी धरायचा. "कस्तुरीचा वास शोधायचाच नाही," तो म्हणायचा, "तो खोट्यालाही चोळलेला असतो. लसूण शोधायचा. खरी कस्तुरी लसूण खाऊन टाकते. लसूण सापडला नाही की माल अस्सल." दोरा हुंगून तो दोनच शब्द बोलायचा. 'अस्सल', नाहीतर 'परत'.

मला कधी हुंगू दिलं नाही. "तुझे हात लसणाचे, तुला सगळीकडे लसूणच येणार. आणि दोन नाकं म्हणजे दोन मतं." त्याचं नाक दिसायला बसकं, बटाट्यासारखं, पण पाच गावांचे व्यापारी त्या नाकाला वचकून असायचे. लोक त्याला 'नाकवाले' म्हणायचे. लग्न का केलं नाहीत असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "नाकाला पसंत पडली नाही कुणी." आणि मला हळूच सांगायचा, "खरं म्हणजे नाक अर्धंच काम करतं गं. उरलेलं अर्धं आणणाऱ्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. खरा माल असला की माणूस आपल्याकडे बघतो. खोटा असला की मालाकडे बघतो."

घरच्या कपाटात एक पितळी डबी होती. तिच्यात कापसात गुंडाळलेली एक नाभी, आमच्या वडिलांनी पारखून ठेवलेली. ती विकायची नव्हती. दर झाडलोटीच्या दिवशी दादा ती काढायचा, बघायचा, ठेवायचा. "ही माझी," म्हणायचा. "गावाची डोकी सांभाळता सांभाळता माझं चळलं, तर ही उघड. मी नको म्हणालो तरी दे. हातावर हात मार." मी हसत हात मारला होता. तेव्हा त्याचे केस काळे होते.

मग वयाच्या बासष्टीला त्याचं काय काय बदलायला लागलं. एकदा मी अंगणातून आत येते तर दूध जळून भांडं काळं झालेलं, खोलीत धूर, आणि दादा शेजारी बसून वर्तमानपत्र वाचतोय. मी म्हटलं, "नाकवाले, जागे आहात का?" तो दचकला. म्हणाला, बातमी मोठी होती. मी बडबडत भांडं घासलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिथेच मला कळायला हवं होतं.

त्याच वर्षी जुना व्यापारी वारला आणि त्याचा जावई माल घेऊन आला. साधा, घामाघूम माणूस. तीन नाभी फळीवर ठेवल्या आणि दादाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत राहिला. मी लसूण सोलला, तीन सुया ओवल्या. दादाने एकेक दोरा हुंगला. अस्सल. अस्सल. अस्सल.

जावई खूश होऊन गेला. मी मात्र आत येऊन नुसतीच बसले. इतक्या वर्षांत तीनपैकी तिन्ही अस्सल मी कधी ऐकलं नव्हतं. एखादी तरी परत जायचीच, आणि तिच्यावरून दादा व्यापाऱ्याची फिरकी घ्यायचा. एरवी दोरे मी स्टोव्हवर जाळायची. त्या दिवशी रॉकेल संपलं होतं, म्हणून ताटलीत ठेवून वर वाटी उपडी घातली आणि घरी गेले.

सकाळी राखेने हात धुऊन, चिमट्याने वाटी उचलली. लसणाचा असा भपकारा आला की मी मागे सरले. तिन्ही दोऱ्यांना.

तरी मन मानेना. मी नवी पाकळी सोलली, तिच्यातून दोरा काढला, आणि कुठल्याही नाभीला न लावता तसाच पुढे नेला. "दादा, हा चौथा राहिला होता."

त्याने हुंगला. डोळे मिटून, नीट, नेहमीसारखा. "अस्सल," म्हणाला. मग डोळे उघडून, "चौथी कधी आणली त्याने?"

"चुकलं माझं. तीनच आहेत," मी म्हटलं आणि आत पळाले.

त्याला लसूण येत नव्हता. त्याला काहीच येत नव्हतं. आणि आमची परीक्षा अशी, की ज्याला काही येत नाही त्याला जगातला सगळा माल अस्सल. त्याचं नाक इतकं हळूहळू गेलं होतं, की त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

हे सगळं सावकाश निस्तरता आलं असतं. पण त्याच दुपारी हेडमास्तरांच्या गोळ्या द्यायच्या होत्या. हेडमास्तरांना झटका येऊन गेला होता. हात चालायला लागला होता, पण शब्द हरवले होते. चमच्याला खिडकी म्हणायचे आणि चूक कळून रडायचे. त्यांची बायको दोन दिवसांपूर्वी येऊन गेली होती. पेटीतली कस्तुरी संपली होती, म्हणून दादाने तिला शब्द दिला होता, "नवी कस्तुरी आली की चाळीस दिवसांच्या गोळ्या करतो. माझ्या हातची पारखलेली." ती बाई म्हणाली होती, "तुम्ही अस्सल म्हणालात की आम्ही डोळे मिटून घेतो."

मी धीर करून पुढे गेले. "दादा, त्या तिन्ही नाभी एकदा परत बघ ना."

तो चिठ्ठी लिहीत होता. लेखणी थांबली. "बारके," तो म्हणाला, "लसूण नीट सोललास का, असं मी तुला तीस वर्षांत कधी विचारलं?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते, भांडणात मी हरत नाही. पण त्याने तोंड फिरवून पुन्हा लिहायला घेतलं. त्या माणसाकडे बायको नव्हती, मुलं नव्हती. एक नाक होतं. ते गेलं हे मी त्याला सांगू शकले नाही. आणि माती-रक्ताची गोळी त्याच्या नावाने त्या बाईच्या हातात देणंही मला जमेना.

मी घरी गेले. कपाट उघडलं. पितळी डबी काढली.

खरं सांगते, मी फार विचार केला नाही. विचार केला असता तर हात थांबला असता. डबीतल्या नाभीची मी स्वतः परीक्षा घेतली, हात धुऊन, जन्मात पहिल्यांदा. दोऱ्याला लसणाचा मागमूस नव्हता. कसला तरी उबदार, जुना, रानातला वास होता, आणि वडिलांच्या कोटाचा. मी तिथेच खाली बसले आणि रडले, मिरीशिवाय. मग ती नाभी खलात फोडली, चाळीस दिवसांच्या लांबट गोळ्या वळल्या, आणि खोट्या तीनपैकी एक कापसात गुंडाळून डबीत ठेवली. उरलेल्या दोन दादाच्या नकळत जावयाला परत पाठवल्या. त्याचं उत्तर आलं, तोही वरून फसला होता. म्हणूनच तर तो सरळ डोळ्यांत बघत होता.

हेडमास्तर चार महिन्यांत बोलायला लागले. त्यांची बायको रोज दोन तास त्यांना मुळाक्षरं गिरवायला लावायची, डॉक्टरांची औषधं होती, आमच्या गोळ्या होत्या. श्रेय कुणाचं ते ज्याचं त्याने घ्यावं. ते स्वतः चालत दुकानात आले आणि दादाचा हात धरून 'चमचा' म्हणाले. दादा खदखदून हसला. त्या दिवशीचं त्याचं हसू मला अजून दिसतं. मला वाटलं, केलं ते बरं केलं.

पुढच्या खेपेला काय करायचं या काळजीने मला झोप लागेना, तोच कस्तुरीवर बंदी आली. हरणं मारणं बंद, नाभी विकणं बंद. लोक म्हणाले, धंदा बसला. मी मनातल्या मनात त्या कायद्याला हात जोडले. जनावरंही वाचली आणि दादाचं नावही वाचलं. तो साध्या गोळ्या विकत राहिला. डबी मात्र झाडलोटीच्या दिवशी काढायचा. कापूस उलगडायचा, केसाळ गाठ बघायचा. "आहे ना?" "आहे," मी म्हणायची. वर्षानुवर्षं म्हणत राहिले.

सत्तरीला आला तेव्हा तो चुकीच्या खणात हात घालू लागला. एकच चिठ्ठी दोनदा लिहायचा. एकदा दुकानातून निघाला तो घरी न येता सायकलवाल्याकडे जाऊन बसला, आणि त्या भल्या माणसाने हाताला धरून आणून सोडला. मी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई होत्या, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढेल. मग विचारलं, "वास जाऊन किती वर्षं झाली?"

मी म्हटलं, आठ.

"बरेचदा आधी वास जातो," त्या म्हणाल्या.

म्हणजे चोर त्या वर्षीच दाराशी आला होता. आणि नाक गेल्याचं कळलं त्याच दिवशी राखणदाराला मी दुसऱ्याच्या घरी पाठवून दिलं होतं. मी त्यांना विचारलं, कस्तुरी दिली असती तर? त्या म्हणाल्या, "तिने हे थांबलं असतं असं मानायला माझ्याकडे काहीच आधार नाही. मनाला लावून घेऊ नका." डोक्याला ते पटलं. बाकी माझ्या कुठल्याच भागाला पटलं नाही.

मग दुकान बंद झालं. खण एका शाळेने नेले, खडू ठेवायला. दादा खिडकीशी खुर्चीत बसायचा. आधी गावातली माणसं विसरला, मग आईवडील गेलेत हे विसरला, मग मला. मला 'बाई' म्हणायचा, अहो-जाहो करायचा. "बाई, तुम्ही फार कष्ट घेता." मी म्हणायची, "घेते खरी." त्याच्याशी भांडता येत नाही याचं मला सगळ्यात वाईट वाटायचं.

एका सकाळी, ऊन पायाशी आलं होतं, तो एकदम ताठ बसला. "बाई, कपाटात पितळी डबी आहे. माझी आहे ती. वेळ झाली बहुतेक. गोळी करून द्या."

माझा हात चौकटीवरच राहिला. इतक्या पडझडीत ती डबी तेवढी शाबूत राहिली होती.

मी स्वयंपाकघरात गेले. खल काढला. वेखंड, ब्राह्मी, जायफळ, मध. बाकी काही घालायला नव्हतंच. एक गोळी वळली. गोल व्हावी म्हणून जीव तोडून वळली, तरी लांबट झाली. बशीत घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. बशीकडे बघत म्हटलं, "घ्या. तुमच्या डबीतली."

त्याने गोळी नाकाशी नेली. सवय. मग ती खाली घेतली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. मी मान वर केली नाही.

"खोटी आहे," तो म्हणाला.

मला सगळं सांगायचं होतं. तीन दोरे, चौथा दोरा, हेडमास्तर. पण ते कुणाला सांगणार? ज्याला सांगायचं तो तिथे नव्हता. मी नुसतंच म्हटलं, "हो. खोटी आहे. माफ करा."

तो गोळी उन्हात धरून फिरवत होता. या टोकाकडून, त्या टोकाकडून. आणि हळूच हसायला लागला, दुकानातलं ते जुनं, फिरकी घेतानाचं हसू.

"पण ही वळलीय आमच्या बारकीने," मला समजावून सांगितल्यासारखं तो म्हणाला. "बघा, लांबट आहे. माझी बहीण आहे ती. तिने दिली ना, मग घ्यायची."

आणि त्याने ती तोंडात टाकली, आणि पाण्यासाठी माझ्यापुढे हात केला.